घाटावर बोललेलं

आमच्या ले-आऊटमधला, म्हणजे वसाहतीतला, हा म्हातारा शेवटी आम्हा सगळ्यांना फसवून गेला.

नागपुरात माणूस गेला की त्याच्यावर चार लोकांनी बोलायचं असतं. तेही नंतर कधी हॉल घेऊन नाही, त्याच दिवशी, घाटावर, म्हणजे स्मशानातच. अग्नी दिला की मंडळी सिमेंटच्या बाकांवर बसतात, कोणीतरी उभं राहून "आता आपण शोकसभा घेऊ" म्हणतं, आणि मागे चिता तडतडत असताना भाषणं होतात. पुण्या-मुंबईचे पाहुणे हे पहिल्यांदा पाहतात तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. आम्हाला मात्र शोकसभा झाल्याशिवाय माणूस पुरता गेल्यासारखा वाटत नाही. आणि इतकी वर्षं दुसऱ्यांच्या शोकसभा गाजवणाऱ्या या गृहस्थानं स्वतःची होऊच दिली नाही. देहदान करून ठेवलं होतं. मेडिकल कॉलेजची गाडी आली, ते गेले, आणि आम्ही सगळे तयार भाषणं घेऊन फाटकाशी उभे राहिलो. माझं तर पाठ होतं.

ते राहून गेलेलं इथे बोलतो. ते असते तर यातलं अर्धं कापायला लावलं असतं.

त्यांना सगळे तारबाबू म्हणायचे. सगळी नोकरी तार ऑफिसात झाली. तारेत शब्दाला पैसे पडत, ती सवय त्यांच्या जिभेला लागली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. सकाळी मी माझ्या नाट्यमंडळाच्या आवाजात "नमस्कार काकाजी, काय म्हणते प्रकृती, आज फारच लवकर निघाले फिरायला" असं म्हणायचो. ते म्हणायचे, "नमस्कार पुरे होता." काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, बोलायला अघळपघळ. त्या फाटकात उभ्या राहून सांगायच्या, "यायनं सारे शब्द ऑफिसातून बाहेरगावी पाठवले जी. घरी एक नाही आणला."

त्यांच्याजवळ एक काळी छत्री असायची आणि ती कायम उघडी असायची. नागपूरच्या मे महिन्यात कोणी छत्री घेतली तर समजतं. हे जानेवारीत, सकाळच्या धुक्यात, कानटोपी घालून वर छत्री धरून चालायचे. कोणी हसलं तर म्हणायचे, "ऊन सांगून येते का?" ती छत्री एकाच वेळी मिटायची: घाटावर ते बोलायला उभे राहिले की. खट्ट आवाज यायचा आणि बाकांवरची कुजबुज थांबायची. ले-आऊटमधली मंडळी आपोआप उठून मान खाली घालून उभी राहायची, कारण तारबाबू नेहमी शेवटी बोलायचे आणि त्यांच्यानंतर दोन मिनिटं मौन असायचं. त्यांचं बोलणं इतकं थोडकं असायचं की बसून ऐकण्यात काही अर्थच नव्हता.

मला घाटावर बोलायची बंदी होती. एकदाच बोललो होतो, हात पसरून, आवाज कापरा करून. परतताना तारबाबूंनी मला बाजूला घेतलं. "कलाकार," ते मला कलाकारच म्हणत, "तू इथे नको बोलत जाऊ. लोकं मेलेल्याले सोडून तुलेच पाहून राहतात."

शोकसभेत ठरलेली वाक्यं असतात. 'कधीही भरून न निघणारी हानी', 'त्यांच्या जाण्यानं निर्माण झालेली पोकळी', 'कुटुंबाच्या पाठीशी आपण सारे'. तारबाबूंना ही वाक्यं सहन होत नसत. कोणी हानी म्हटलं की खालून आवाज यायचा, "कोणती हानी, ते सांगा." ते स्वतः दोनच गोष्टी सांगायचे, एक खोट आणि एक गुण. कोपऱ्यावरच्या घरातले एक अतिशय चिक्कू गृहस्थ गेले तेव्हा त्यांची मुलं समोर बसलेली असताना तारबाबू म्हणाले, "यांनी कधी कोणाले चहा पाजला नाही. पण कोणाचीही गाडी बंद पडली, तर धक्का द्यायले पहिले हेच यायचे." मुलांचे चेहरे आधी लाल झाले. मग थोरला एकदम हसला आणि हसता हसता रडायला लागला. बाप त्याच्या डोळ्यांसमोर आला असावा, बनियनवर, दुसऱ्याच्या स्कूटरला रेटणारा.

इथवर हे सगळं मजेचं होतं. अडचण त्यांच्या स्मरणशक्तीची होती. घाटावर कोण काय बोललं ते त्यांना जसंच्या तसं आठवायचं, आणि त्यांच्या हिशेबी ते बोललेलं पक्कं असायचं. भाजीच्या ठेल्यापाशी माणूस मिरच्या निवडत असला की हे छत्री घेऊन शेजारी. "तुम्ही घाटावर म्हणाले होते, त्याच्या पोराच्या शिक्षणाकडे लक्ष देऊ. पोरगा कोणत्या वर्गात आहे?" समोरच्याला वर्ग ठाऊक नसायचा. कधी कधी पोरगा आहे की पोरगी हेही ठाऊक नसायचं. लांबून काळी छत्री दिसली की गल्ली बदलणारे लोक मी पाहिले आहेत. हे वेड त्यांना कुठून लागलं ते मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "तार गेली की गेली. परत येत नाही. पोचते."

प्रताप नगरच्या मागच्या अंगाला आमचं ले-आऊट, आणि त्याच्या मधोमध एक मोकळं मैदान. कागदोपत्री ते बागेसाठी राखीव. आम्ही राहायला आलो तेव्हाही राखीव होतं आणि पोरांच्या मुंजी, लग्नं होऊन गेली तरी राखीवच होतं. बाग काही आली नाही. तारबाबूंनी स्वतःच्या हातानं कडेला कडुनिंब लावले, उन्हाळ्यात घरून बादल्या नेऊन जगवले. बाग व्हावी यासाठी ते ज्या त्या कार्यालयात जाऊन बसायचे. इतकं कमी बोलणारा माणूस बागेचं निघालं की मात्र पायवाट कुठून जाईल, बाक कोणत्या झाडाखाली येतील, सगळं सांगायचा.

मैदानाच्या कोपऱ्यात टिनाची एक खोली होती. तिच्यात आमचा चौकीदार देवाजी राहायचा, बायको सुनंदा आणि मुलगी घेऊन. ले-आऊटनंच त्यांना तिथे राहायला सांगितलं होतं. सुनंदा आमच्यातल्या काही घरी स्वयंपाक करायची, तारबाबूंकडेही. खोलीच्या आत भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, बाहेर तुळतुळीत सारवलेलं अंगण, इतकं स्वच्छ की चप्पल घालून जायला लाज वाटावी.

एका भर उन्हाळ्यात दुपारी देवाजी फाटकापाशी खुर्चीवर बसल्या बसल्या गेला.

घाटावर आमचं पूर्ण ले-आऊट होतं. भंतेजींनी वंदना घेतली, अग्नी दिला गेला, आणि शोकसभा सुरू झाली. ले-आऊटचे अध्यक्ष इंजिनिअरसाहेब, सरकारी खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, डोळे पुसत म्हणाले, "देवाजी नोकर नव्हता. आपल्या ले-आऊटच्या कुटुंबातला माणूस होता. त्याची बायको-पोर उघड्यावर पडणार नाही, ही माझी जबाबदारी." डॉक्टरसाहेब म्हणाले, "त्याचं घर आणि माझं घर यात मी कधी फरक केला नाही." आणखी एक-दोघं बोलले. शेवटी छत्री मिटली. आम्ही उठून उभे राहिलो. तारबाबूंनी सुनंदाकडे पाहिलं. या वेळी ना खोट सांगितली ना गुण. सुनंदा बायांच्या घोळक्यात खाली मान घालून बसली होती. ते म्हणाले, "सुनंदा, राहत्या जागेवरून तुले कोणी हलवणार नाही."

मग मौन झालं.

पुढे दोनेक वर्षांनी बातमी आली की मैदानाचं बागेचं आरक्षण उठवून तिथे गरिबांसाठी सरकारी योजनेतली घरं बांधायचा प्रस्ताव आहे. ज्यांची हरकत असेल त्यांनी कळवावी, सुनावणी होईल. मैदानावर आधीपासून राहणाऱ्याला त्यात पहिलं घर. म्हणजे सुनंदाला. आणि प्रस्ताव पडून बाग झाली तर टिनाची खोली पहिली जाणार होती. बागेच्या नकाशात तिथे कारंजं होतं.

हनुमान मंदिराच्या मंडपात बैठक भरली. इतकी गर्दी मी तिथे जयंतीलाही पाहिलेली नाही. इंजिनिअरसाहेब म्हणाले, "आपला विरोध गरिबांना नाही. जागेला आहे." टाळ्या पडल्या.

"पाण्याचं प्रेशर आत्ताच वरच्या टाकीपर्यंत चढत नाही," कोणी म्हणालं.

"अन् गाड्या? पार्किंगले जागा कुठं आहे?"

"त्यांच्याजवळ कुठल्या गाड्या?"

"मंग तर अजूनच पंचाईत. दिवसभर इथंच बसून राहतील."

डॉक्टरसाहेब समजुतीच्या स्वरात म्हणाले, "हे बघा, घरं झालीच पाहिजेत. पण गावाबाहेर कळमेश्वर साइडला, कामठी रोडला एवढी जागा पडली आहे. तिकडे हवेशीर होईल त्यांनाही."

तेव्हा बायांच्या बाजूनं काकूंचा आवाज आला. "डॉक्टरसाहेब, कामठीहून सकाळी तुमच्या पोळ्या लाटायले कोण येऊन राहिलं?"

हशा झाला. डॉक्टरसाहेबही हसले. पण बागेची बाजू अगदीच पोकळ होती असं नाही. आजूबाजूला दुसरी मोकळी जागा उरली नव्हती. म्हातारी माणसं रस्त्याच्या कडेनं जीव मुठीत धरून चालायची, पोरं गाड्यांच्या मधून चेंडू काढायची. एक आजी उठून एवढंच म्हणाल्या, "मरायच्या आधी झाडाखाली बसायचं होतं जी," आणि खाली बसल्या.

सुनावणीला ले-आऊटतर्फे कोणी बोलायचं? एकच नाव निघालं. बागेसाठी त्यांच्याइतकं कोणी झिजलं नव्हतं, आणि त्यांच्यासारखा नेमकं बोलणारा दुसरा नव्हता. तारबाबू मंडपाच्या खांबाला टेकून बसले होते, छत्री डोक्यावर, मंडपातही. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. इंजिनिअरसाहेबांनी ते हो धरलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी मला ते मैदानात दिसायचे. निंबांच्या रांगेतून टिनाच्या खोलीपर्यंत जायचे, परत फिरायचे. एकदा मी विचारलं, "काकाजी, भाषणाची तयारी चालू आहे का?" ते म्हणाले, "आठवून राहिलो."

सुनावणीचा हॉल सरकारी होता, पंख्यांचा आवाज माणसांपेक्षा मोठा. समोर टेबलामागे साहेब, तरुण, मराठवाड्याकडचे असावेत. इकडे आम्ही, तिकडे घरं मागणारी माणसं. सुनंदा त्यांच्यात शेवटच्या रांगेत, मुलीला घेऊन. ती नजर वर करत नव्हती, कारण समोर तिची सगळी पोळ्यांची घरं बसली होती.

आमचं नाव पुकारलं गेलं. तारबाबू उठले आणि खट्ट करून छत्री मिटली.

आणि आमचं ले-आऊट उभं राहिलं. अध्यक्ष, डॉक्टर, मंदिराचे पुजारी, मी, सगळे. ठरवून नाही, इतक्या वर्षांच्या सवयीनं. हात समोर बांधून, मान खाली घालून. साहेब गोंधळून अर्धे उठले. "काय झालं? कोणी वारलं का?"

आम्ही चपापून बसायला लागलो, पण तोवर तारबाबूंनी सुरुवात केली होती, आणि अर्धे उभे, अर्धे वाकलेले असे आम्ही तसेच राहिलो.

"देवाजी वारला," ते म्हणाले. "ले-आऊटचा चौकीदार. मैदानात राहत होता. घाटावर शोकसभा झाली. तिथे अध्यक्ष म्हणाले, देवाजी नोकर नव्हता, कुटुंबातला माणूस होता. त्याची बायको-पोर उघड्यावर पडणार नाही, ही माझी जबाबदारी. डॉक्टरसाहेब म्हणाले, त्याचं घर आणि माझं घर यात मी कधी फरक केला नाही." बाकीच्यांचंही त्यांनी सांगितलं, शब्द न बदलता, आवाज न चढवता, जशी तार वाचून दाखवतात तसं. "मी म्हणालो, सुनंदा, राहत्या जागेवरून तुले कोणी हलवणार नाही. मले बाग पाहिजे होती. अजून पाहिजे. पण हे आधी बोललो."

साहेबांनी पेन उचललं. "म्हणजे तुमची हरकत आहे की नाही?"

"होती. ती परत घेतो. ती परत घेता येते."

आणि ते बसले.

बाहेर आल्यावर पायऱ्यांवरच इंजिनिअरसाहेबांनी त्यांना गाठलं. ते संतापले होते. मला त्यांचा राग आला नाही, कारण ते खोटारडे नव्हते. घाटावर रडले होते ते खरंच रडले होते. "घाटावर माणूस भावनेच्या भरात बोलतो, जी," ते म्हणाले. "ती काय रजिस्ट्री असते?"

"रजिस्ट्रीले दोन साक्षीदार लागतात," तारबाबू म्हणाले. "तिथे सारं ले-आऊट होतं."

"मग आता घाटावर तोंड उघडायचंच नाही का कोणी?"

तारबाबूंनी यावर खरोखर विचार केला. मग म्हणाले, "उघडा. कमी उघडा."

त्यांच्या बोलण्यामुळे प्रस्ताव मंजूर झाला असं मी म्हणणार नाही. फायली आपल्या चालीनं चालतात, आणि आणखीही सुनावण्या झाल्या. पण मंजूर झाला. मैदानाभोवती पत्रे लागले. निंब कापले गेले त्या दिवशी तारबाबू सकाळपासून पत्र्याच्या फटीशी उभे होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "जा तू." मी गेलो. काकू मात्र पाण्याचा तांब्या घेऊन येऊन त्यांच्याशेजारी उभ्या राहिल्या.

ले-आऊटनं त्यांना वाळीत वगैरे टाकलं नाही. आम्ही सुशिक्षित माणसं आहोत. फक्त पुढच्या मयतीला इंजिनिअरसाहेब शेवटी बोलले आणि लगेच म्हणाले, "आता दोन मिनिटं मौन." तारबाबूंना कोणी विचारलं नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. ते यायचे, खांदा द्यायचं वय नव्हतं तरी तिरडीला हात लावायचे, आणि शोकसभा होईपर्यंत मागे उभे राहायचे. छत्री मिटायचं कारण उरलं नाही. तोंड बंद ठेवून आयुष्य काढलेल्या या माणसाची बोलायची ती एकच जागा होती. ती गेली. त्यांनी एका शब्दानं तक्रार केली नाही, आणि काकूंनी ती भरपूर केली, आमच्या फाटकात येऊन, नावं घेऊन.

घाटावर मात्र फरक पडला. आता आमच्याकडे लोक जपून बोलतात. 'कुटुंबाच्या पाठीशी आपण सारे' म्हणायला निघालेला माणूस मध्येच थांबतो, इकडे तिकडे पाहतो आणि म्हणतो, "जे जमेल ते करू." शोकसभा लवकर आटोपतात. कोणी म्हणतं त्यात मजा राहिली नाही.

इमारत उभी राहिली. सुनंदाला तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. घरप्रवेशाला तिनं सगळ्या पोळ्यांच्या घरी जाऊन आमंत्रण दिलं. सगळे म्हणाले, येऊ ना, नक्की येऊ. ले-आऊटमधून तारबाबू, काकू आणि मी असे तिघं गेलो. लिफ्ट तेव्हा सुरू व्हायची होती. तारबाबू प्रत्येक मजल्यावर थांबत, कठड्याला धरून चढले. काकू मागून म्हणत होत्या, "बाई वं, पहिल्या मजल्यावर घ्यायचं ना घर. आमच्या म्हाताऱ्याचा जीव घेतं का?"

खोलीत ताज्या रंगाचा वास होता. भिंतीवर जुन्याच दोन तसबिरी, आता तिसरी देवाजीची. वंदना झाली. सुनंदाच्या मुलीनं खीर आणून दिली. तारबाबू खिडकीशी गेले. खाली आमचं ले-आऊट पसरलेलं दिसत होतं, सगळ्या गच्च्या, टाक्या. "आपल्या गच्चीवर काय कबाड पडलं आहे," ते काकूंना म्हणाले.

"इतके दिवस सांगून राहिली ना मी."

सुनंदा पदराला हात पुसत त्यांच्याजवळ आली. तिला काही तरी बोलायचं होतं आणि ते कुठून धरावं हे कळत नव्हतं. "बाबूजी," ती म्हणाली, "माह्यासाठी तुम्ही सगळ्यायशी वाकडं घेतलं. काहून घेतलं जी?"

"बोललो होतो."

"ते तर मले त्या हॉलमधी समजलं. घाटावर मी होती, पण मले काही ऐकूच नव्हतं आलं. कोण उभं राहिलं, कोण काय बोललं, काहीच नाही. तुम्ही नसतं पाळलं ना, तरी मले पत्ता नसता."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिरीत पाहिलं. तारबाबूंनी खिडकीतून मान वळवून तिच्याकडे पाहिलं, नवीन काही कळलं तर माणूस पाहतो तसं.

"आम्हाले ऐकू आलं होतं," ते म्हणाले, आणि रिकामी वाटी तिच्यापुढे धरली.